रात्री दोन वाजता ॲम्ब्युलन्सला तुमचं घर सापडेल का? पत्ता घेण्यापासून फोनवर सांगण्यापर्यंत

पत्ता आपल्याला पाठ असतो म्हणून तो बरोबरच आहे असं आपण धरून चालतो. कुरिअरवाला दोनदा फोन करतो, तिसऱ्यांदा पोचतो, काम भागतं. पण अग्निशमनच्या गाडीचा ड्रायव्हर असा फोन करत बसणार नाही, आणि केला तरी तुम्ही कुठे उचलणार, तुमचे हात तेव्हा भलत्याच कामात असतील. त्यामुळे हे सगळं निवांत असताना करून ठेवायचं.

सगळ्यात आधी, तुमच्याकडे जो पत्ता आहे तो नेमका कसला आहे ते बघा. पोस्टाचा पत्ता आणि घराचा पत्ता या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात. पोस्ट बॉक्सचा नंबर असेल तर पत्र येईल, ॲम्ब्युलन्स पोस्टात जाऊन काय करणार? पोस्टाच्या पत्त्यात गाव एक असतं आणि प्रत्यक्षात घर शेजारच्या हद्दीत असतं असंही होतं. सातबारा किंवा प्लॉट नंबर जमिनीच्या कागदासाठी ठीक आहे, रस्त्यावर तो कुठे लिहिलेला नसतो. आणि 'पाण्याच्या टाकीच्या मागे' हा पत्ता ज्याला टाकी माहीत आहे त्याच्यासाठीच. तुम्हाला हवंय ते एवढंच: रस्त्याचं अधिकृत नाव, त्या रस्त्यावरचा नंबर, आणि कुठल्या गावाची, वॉर्डाची किंवा पालिकेची हद्द.

यातलं काही नसेल तर ते मागून घ्यावं लागतं. नंबर स्वतःच्या मनाने ठरवायचा नाही, शेजाऱ्याचा १२ म्हणून आपला १४ असं तर अजिबात नाही, कारण मध्ये एखादा प्लॉट सुटलेला असू शकतो. नंबर देणारं ऑफिस जागेप्रमाणे बदलतं. कुठे नगरपालिकेचा बांधकाम परवानगीचा विभाग, कुठे नकाशे सांभाळणारा विभाग, अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी काउंटीचं (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाचं) ऑफिस. चौकशी ऑफिसच्या साध्या नंबरवर करा, ९११ किंवा ११२ या इमर्जन्सी नंबरला फोन लावून "पत्ता कुठे मिळतो हो?" विचारू नका, लोक विचारतात म्हणून सांगतोय.

जाताना प्लॉटचा कागद, नकाशा, दोन्ही बाजूच्या शेजाऱ्यांचे नंबर, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तुमची गाडी रस्त्यावरून आत कुठून वळते ती जागा नकाशावर खूण करून न्या. फोनवरून त्या जागेचे अक्षांश-रेखांश काढून नेलेत तर आणखी चांगलं. घर बांधायचं असेल तर पाया खणायच्या आधीच अर्ज करा, साइटवर कामगार पडला तर त्यालाही पत्ता लागतोच की.

गाडी वळते ती जागा का, तर बऱ्याच ठिकाणी नंबर घराच्या दाराला नाही, रस्त्यावरच्या प्रवेशाला दिलेला असतो, आणि इथेच सगळी गंमत आहे. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये ग्रामीण भागात रस्त्याच्या सुरुवातीपासून गेटपर्यंतचं अंतर मीटरमध्ये मोजतात आणि दहाने भागतात, डाव्या बाजूला विषम नंबर, उजव्या बाजूला सम. म्हणजे २०५ नंबर दिसला की ड्रायव्हरला कळतं, साधारण २०५० मीटर जायचं आणि डावीकडे बघायचं. अमेरिकेत अनेक काउंट्या एका मैलाला १००० नंबर धरतात, एक नंबर साधारण ५.२८ फुटांना, त्यामुळे १२५० म्हणजे सव्वा मैल. घर रस्त्यापासून कितीही आत असू दे, तो हिशोब गेटपर्यंतचाच. म्हणून पुढे कधी तुम्ही गेट हलवून दुसऱ्या रस्त्यावर काढलंत तर त्या ऑफिसला परत कळवा, जुना नंबर आता चुकीच्या ठिकाणी नेणार आहे.

एकाच खाजगी वाटेवर तीन-चार घरं असतील तर त्या वाटेलाच नाव देऊन प्रत्येकाला वेगळा नंबर देण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे, ती टाळू नका. नाव सुचवायची संधी मिळाली तर हौशी नाव नको, आसपास त्याच उच्चाराचा दुसरा रस्ता नाही ना एवढं बघा. आमच्या ओळखीत एकदा गाडी त्याच नावाच्या दुसऱ्या रस्त्यावर जाऊन शोधत बसली होती, हा कोणाचा गुन्हा नाही, पण वीस मिनिटं गेली ती गेली.

नंबर मिळाला की तो लावा. पत्र फाइलमध्ये ठेवून उपयोग नाही. अमेरिकेच्या अग्निसुरक्षा नियमावलीत आकड्याची उंची कमीत कमी ४ इंच आणि रेषेची जाडी अर्धा इंच धरलीय, तुमच्याकडे नियम नसला तरी हेच माप घ्या. आकडे आकड्यातच, अक्षरात नाही आणि वळणदार तर नाहीच. गडद पाटीवर फिकट किंवा उलट, पितळेच्या पाटीवर पितळी आकडे दिवसासुद्धा दिसत नाहीत. घर रस्त्यावरून दिसत नसेल तर पाटी रस्त्याच्या कडेला खांबावर, हेडलाइट पडला की चमकणाऱ्या रिफ्लेक्टिव्ह आकड्यांची, दोन्ही बाजूंनी वाचता येईल अशी, कारण गाडी कुठल्या दिशेने येईल ते आपण ठरवत नाही. नंबर उघडणाऱ्या फाटकावर लावू नका, फाटक उघडं राहिलं की पाटी आत तोंड करून बसते. वेल वाढला की छाटा.

आता रेकॉर्ड. इंटरनेटवरून चालणारा लँडलाइन फोन असेल तर कंपनीकडे नोंदवलेला पत्ताच इमर्जन्सी कॉल घेणाऱ्या कंट्रोल रूमला दिसू शकतो, अमेरिकेत २००५ पासून तसा नियमच आहे, त्यामुळे घर बदललं आणि फोन उचलून नव्या घरी लावला की पत्ता त्याच दिवशी बदला, नाहीतर मदत जुन्या घरी जाईल. मॅप ॲपमध्ये घराचा पिन तपासा, चुकला असेल तर दुरुस्ती पाठवा. मग एखाद्या मित्राला, जो कधी आलेला नाही अशाला, अंधार पडल्यावर फक्त पत्त्यावर बोलवा आणि फोन उचलू नका. तो जिथे चुकेल तिथे पाटी कमी पडतेय.

"पण फोनचं जीपीएस आहे ना" असं म्हणाल. आहे, आणि चांगलंय, युरोपियन युनियनमध्ये मार्च २०२२ पासून विकल्या जाणाऱ्या नव्या स्मार्टफोनला इमर्जन्सी कॉलवर लोकेशन पाठवता आलंच पाहिजे. पण उंच इमारतीत जीपीएसचा ठिपका सातवा मजला की सतरावा ते सांगेलच असं नाही. गूगल मॅपवरचा प्लस कोड (जागेचा अक्षर-आकड्यांचा कोड) किंवा जागेला तीन शब्दांचं नाव देणारी सिस्टीम रानात-डोंगरात कामाला येते, पण प्रत्येक कंट्रोल रूम ती घेतेच असं नाही, आणि तीन शब्दांत एखादं अक्षर इकडचं तिकडे झालं तर जागा भलतीकडे. पत्त्याला जोड म्हणून ठेवा, बदली म्हणून नको.

शेवटी फोन. काय झालं ते नंतर, पत्ता आधी, कारण लाइन कटली तरी गाडी निघू शकते. नंबर एकेक आकडा सुटा सांगा. आपल्या मराठीत तर 'एकोणसाठ' आणि 'एकोणसत्तर' घाईत सारखंच ऐकू येतं, त्यामुळे "पाच, नऊ". मग रस्ता, हद्द, जवळचा चौक, मजला, लिफ्ट चालू आहे की नाही, गेटला कोड असेल तर तो. कंट्रोल रूमवाले पत्ता परत म्हणून दाखवतील तेव्हा "हो हो" करू नका, ऐका. प्रश्न विचारत राहिले म्हणजे गाडी थांबवलीय असं नाही, बऱ्याचदा ती तोवर निघालेली असते, तेव्हा ते ठेवा म्हणेपर्यंत फोन ठेवू नका.

हाच पत्ता मोठ्या अक्षरात कागदावर लिहून भिंतीला चिकटवा, खाली फोन नंबर. पोरांकडून तोंडपाठ करून घ्या. पण घरात आजी-आजोबांना सांभाळायला येणाऱ्या बाई, पाहुणे, बेबीसिटर यांना तुमचा पत्ता पाठ नसतो, कागद त्यांच्यासाठी आहे.

फोन झाला आणि घरात दुसरं कोणी असेल तर त्याला खाली पाठवा. बाहेरचा दिवा लावा, कुत्रा बांधा, फाटक उघडा, दारातली स्कूटर काढा. आणि गाडी दिसली की टॉर्च हलवा, नुसतं उभं राहू नका, सायरन ऐकून शेजारपाजारचे सगळेच गेटपाशी येऊन उभे असतात.