एआयकडून पीपीटी बनवताय? सोसायटीच्या मीटिंगआधी या चुका टाळा

चॅटजीपीटी म्हणा, जेमिनी म्हणा, नाहीतर ऑफिसने दिलेला कोपायलट, कुणालाही "रिडेव्हलपमेंटवर दहा स्लाइडची पीपीटी बनव" असं सांगा, थोड्या वेळात दहा स्लाइड हजर. पहिल्यावर उंच टॉवर, मागे सूर्यास्त, खाली "उज्ज्वल भविष्याकडे वाटचाल". मग प्रस्तावना, फायदे, आव्हानं, निष्कर्ष, धन्यवाद. आणि ज्यासाठी मेंबर लोक जेवणं लवकर उरकून हॉलमधे येऊन बसलेत ते कुठेच नाही, म्हणजे मला कार्पेट (भिंतींच्या आतली वापरायची जागा) किती मिळणार, काम चालू असताना बाहेर राहायचं भाडं किती आणि किती महिने, आणि बिल्डर मधेच काम टाकून गेला तर आम्ही जायचं कुठे.

ठाण्यात नौपाडा असो की वर्तकनगर, जुन्या बिल्डिंगमधे हाच विषय चालू असतो आणि कमिटीतल्या सगळ्यात तरुण मेंबरच्या गळ्यात पीपीटी पडते, म्हणून उदाहरणं तिथलीच घेतोय. ऐरोली-महापेच्या ऑफिसातल्या पीपीटीचं रडगाणं काही वेगळं नाही, फक्त तिथे भाड्याच्या जागी रेव्हेन्यू असतो.

नुसता विषय देऊन मोकळं होणं

सगळ्यात मोठी चूक हीच. विषय दिला की एआय त्या विषयावरचं सरासरी काहीतरी देतं, जे कुठल्याही शहरातल्या कुठल्याही सोसायटीला चालेल आणि म्हणूनच तुमच्या उपयोगाचं नसतं. त्याला विषय नको, परिस्थिती सांगा. साधारण असं: "ठाण्यातली 32 फ्लॅटची जुनी सोसायटी, समोर बहुतेक ज्येष्ठ मेंबर, वेळ 20 मिनिटं. आज बिल्डर निवडायचा नाहीये, फक्त पीएमसी (सोसायटीच्या बाजूने काम बघणारा प्रोजेक्ट मॅनेजमेंट कन्सल्टंट) नेमायचा की नाही एवढंच ठरवायचंय. स्लाइड आत्ता बनवू नको, आधी फक्त शीर्षकं दे, आणि प्रत्येक शीर्षक पूर्ण वाक्य हवं."

हे शेवटचं वाक्य विसरू नका. "भाडं" हे शीर्षक झालंच नाही. "भाडं पहिल्या 11 महिन्यांचं आगाऊ, पुढचं पोस्ट-डेटेड चेकने" हे शीर्षक. अशी आठ-दहा वाक्यं एकाखाली एक ठेवून मोठ्याने वाचायची, मधे कुठे अडखळलात तर गडबड तिथेच आहे, आणि या टप्प्यावर ती दुरुस्त करायला दोन मिनिटं लागतात, नंतर रंगीत स्लाइड बनल्या की आपल्यालाच हात लावावासा वाटत नाही, छान दिसतायत ना, राहू दे. चुकीची पीपीटी सभेपर्यंत पोचते ती याच "राहू दे"मुळे.

आकडे आणि नियम त्याच्यावर सोडणं

इथे जरा थांबून वाचा, कारण पैसे इथे जातात.

ठाण्याच्या सोसायटीच्या पीपीटीत एआय बिनधास्त "डीसीपीआर 2034 नुसार एफएसआय" (एफएसआय म्हणजे प्लॉटच्या मानाने किती बांधकाम करता येतं ते) लिहून देतं. डीसीपीआर 2034 ही बांधकामाची नियमावली मुंबई महापालिकेच्या हद्दीसाठी आहे, ठाण्याला लागू होते यूडीसीपीआर, जी 2020 च्या डिसेंबरमधे मुंबई आणि काही मोजके भाग सोडून राज्यभर आली. इंटरनेटवर मुंबईबद्दल भरपूर लिहिलेलं आहे म्हणून त्याच्या तोंडी मुंबईच येते, आणि मुलुंड चेकनाका ओलांडला की नियमाचं पुस्तक बदलतं हे त्याला कुणी सांगितलं नाही तर ते विचारतही नाही.

तसंच 79 ए चं, म्हणजे सहकारी संस्था कायद्यातल्या ज्या कलमाखाली रिडेव्हलपमेंटचे निर्देश निघतात त्याचं. जानेवारी 2009 चे जुने निर्देश आणि 4 जुलै 2019 चा जीआर यांची खिचडी करून "तीन चतुर्थांश संमती आवश्यक" अशी स्लाइड येते, 2019 च्या जीआरमधे 51 टक्के बहुमत आहे. सभेत एखादा रिटायर्ड बँकवाला जीआरची झेरॉक्स घेऊन बसलेला असतोच, मग पुढची सगळी मीटिंग त्या एका स्लाइडवर. जीआर स्वतः उघडा, नंतर काही बदललंय का ते रजिस्ट्रार ऑफिसला विचारा, मगच स्लाइडवर टाका.

तिसरं, चौरस फूट आणि चौरस मीटर. एक चौरस मीटर म्हणजे 10.764 चौरस फूट, म्हणजे 50 मीटरचा फ्लॅट 538 फुटांचा. बिल्डरच्या ऑफरमधे एका पानावर मीटर, दुसऱ्यावर फूट, कार्पेट आणि बिल्टअप (भिंती धरून) मिसळलेलं, आणि एआय ते सगळं एकाच तक्त्यात एकाच कॉलममधे गुण्यागोविंदाने बसवतं. तीन-चार फ्लॅटचे आकडे तरी कॅल्क्युलेटरवर स्वतः करून बघा.

उपाय फार अवघड नाही. कागद अपलोड करा आणि सांगा की आकडा फक्त यातूनच घे, प्रत्येक आकड्यासमोर कुठल्या पानावरून घेतला ते लिही, सापडला नाही तर "कागदात नाही" लिही, अंदाज नको. आणि रक्कम लाख-कोटीत, नाहीतर कॉर्पस (बिल्डर मेंबरांना देतो ती एकरकमी रक्कम) "2.4 मिलियन" असा येतो आणि काका विचारतात हे डॉलर आहेत का.

जुनी माहिती हा अजून एक त्रास. उलवे-पनवेलकडच्या प्रॉपर्टीच्या पीपीटीत नवी मुंबई विमानतळ अजून "प्रस्तावित" असतो. उद्घाटन 8 ऑक्टोबर 2025 ला झालं, 25 डिसेंबरपासून विमानं उडतायत. "आधी इंटरनेटवर शोध, तारीख दे" म्हटलं की बऱ्यापैकी सुधारतं, पण दिलेली लिंक उघडून बघायची, कधीकधी ती लिंकच नसते.

मराठी मजकूर तुटणं

चित्र बनवणाऱ्या एआयला चित्रातच मराठी लिहायला सांगू नका. बऱ्याचदा लांबून देवनागरी वाटेल असं काहीतरी उमटतं, जवळून वाचलं तर अक्षरांची नुसती गिचमिड. चित्र कोरं घ्या आणि मजकूर वरून टेक्स्ट म्हणून टाका.

एआयने थेट पीडीएफ बनवून दिली तर बऱ्याचदा वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसते आणि जोडाक्षरं सुटी होतात. याचं कारण म्हणजे पीडीएफ बनवणारा प्रोग्राम अक्षरं जोडून मांडायचं काम करतच नाही, नुसती ओळीने टाकत जातो. त्यामुळे पीडीएफ मागायचीच नाही, पीपीटी फाइल मागा, पॉवरपॉइंटमधे उघडा, तिथून पीडीएफ एक्सपोर्ट करा.

फॉन्टसाठी विंडोजवर निर्मला यूआय ठेवा, हॉलमधला लॅपटॉप कुणाचा असेल सांगता येत नाही. मुक्ता वगैरे देखणा फॉन्ट हवाच असेल तर सेव्ह ऑप्शनमधे जाऊन फॉन्ट एम्बेड करा. आणि सोसायटीची जुनी इतिवृत्तं श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमधे टाइप केलेली असतील तर ती कॉपी-पेस्ट करून एआयला देऊ नका, त्याला ते मराठी दिसतच नाही, इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा कचरा दिसतो आणि तरीही ते त्यातून "सारांश" काढून देतं! आधी युनिकोडमधे कन्व्हर्ट करा.

दिसतं छान, एडिट होत नाही

फाइल आली की पहिल्यांदा व्ह्यू मधे जाऊन आउटलाइन व्ह्यू उघडा. डावीकडे शीर्षकं आणि मजकूर दिसला तर ठीक. रिकामं दिसलं तर समजा सगळं सुट्या टेक्स्ट बॉक्समधे कोंबलंय, म्हणजे उद्या स्लाइड मास्टरमधून (सगळ्या स्लाइडचा साचा) फॉन्ट किंवा लेआउट बदलायला गेलात की निम्म्या गोष्टी जागच्या हलणार नाहीत. चार्टवर राइट क्लिक करून एडिट डेटा येतंय का बघा, नसेल तर तो चार्ट नाही, फोटो आहे. हे टाळायला सुरुवातीलाच स्वतःची टेम्प्लेट फाइल द्या आणि सांगा की याच लेआउटचे प्लेसहोल्डर (मजकुराच्या ठरलेल्या चौकटी) वापर, चार्ट एडिट होणारे हवेत.

आणि "चौथी स्लाइड जरा सुधार" म्हटलं की पूर्ण पीपीटी नव्याने बनते आणि सातव्या स्लाइडवरचा काल तपासलेला आकडा गुपचूप बदललेला असतो. प्रत्येक वेळी जुनी फाइल वेगळ्या नावाने ठेवा, "फक्त चौथी, बाकीला हात लावू नको" असं स्पष्ट लिहा. छोटे बदल तर हातानेच करा बाबा, प्रॉम्प्ट टाइप करण्यापेक्षा लवकर होतात.

पाठवण्याआधी आणि हॉलमधे

मेंबरांची नावं, पॅन, आधार, कुणाची किती थकबाकी हे काही एआयला द्यायचं नाही, सभासद 1, सभासद 2 असं करून द्या, नावं नंतर स्वतः भरा. फाइल व्हॉट्सॅप ग्रुपवर टाकण्याआधी खालच्या नोट्स बघा, तिथे एआयने "इथे विरोधी सभासदांना शांत करा" छाप सल्ले लिहिलेले असतात आणि ते नेमके त्याच सभासदांना जातात. फाइल, इन्फो, चेक फॉर इश्यूज, इन्स्पेक्ट डॉक्युमेंट इथून नोट्स एका झटक्यात काढता येतात.

एआयला फिकट करड्या रंगातले बारीक फॉन्ट फार आवडतात. सोसायटीच्या हॉलमधे ट्यूबलाइट चालू, प्रोजेक्टर जुना, त्यात ते काही दिसत नाही. काळा मजकूर, पांढरी पार्श्वभूमी, 24 पॉइंटच्या खाली नाही. आणि 32 फ्लॅटचा कार्पेटचा तक्ता एका स्लाइडवर बसवायला सांगूच नका, ते बसवून देतं पण पहिल्या रांगेलाही वाचता येत नाही. स्लाइडवर वन बीएचके आणि टू बीएचकेची एकेक ओळ पुरे, पूर्ण तक्ता ए फोरवर छापून दारातच सहीच्या रजिस्टरबरोबर हातात द्या.