घरातला डिजिटल भार कसा मोजावा आणि कुठून उतरवावा

ई-मेल पुसले की पर्यावरण वाचतं, असा सल्ला व्हॉट्सॲपवर अधूनमधून फिरत असतो. पुसायचे तर खुशाल पुसा, जागा होईल. पण खरा भार तिथे नाही. तो आहे उपकरण बनवण्यात, ते टाकून देण्यात आणि सेट-टॉप बॉक्स, राउटर अशा रात्रंदिवस चालू राहणाऱ्या डब्यांत. म्हणून कामाला लागायचं तर या क्रमाने लागावं.

आधी मोजा

विजेच्या डिजिटल मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकत असतो. त्याच्याजवळ बहुतेक मीटरवर ‘३२००’ किंवा असाच एखादा आकडा छापलेला असतो. दिवा तितक्या वेळा लुकलुकला की एक युनिट झालं. घरातलं सगळं बंद करा, फ्रिजसुद्धा. दहा मिनिटांत दूध नासत नाही. फक्त टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स प्लगला राहू द्या, तोही रिमोटने ‘बंद’ केलेला. मीटर खाली जिन्याशी असेल तर एकाने घरात थांबावं आणि फोनवर बोलत मोजावं.

दिवा एकदा लुकलुकल्यापासून पुन्हा लुकलुकेपर्यंत किती सेकंद गेले ते पाहा आणि १,१२५ ला त्या आकड्याने भागा. उत्तर वॅटमध्ये येतं. (मीटरवर ३२०० सोडून दुसरा आकडा असेल, तर ३६ लाखांना आधी त्याने भागा, १,१२५ च्या जागी ते उत्तर घ्या.) एकशे बारा सेकंद लागले तर डबा दहा वॅट खातोय. टीव्ही बंद असतानाचे रोजचे वीस तास धरले, तर वर्षाला ७३ युनिट झाले. आणि काहीच न दाखवता!

आता मोबाइलचा हिशेब. ५००० एमएएचची बॅटरी रोज रिकामी करून पूर्ण भरली, चार्जरमधली गळती धरली, तरी वर्षाला नऊ-दहा युनिट. दीड टनाचा एसी उन्हाळ्यातल्या एक-दोन रात्रींत एवढी वीज संपवतो. त्यामुळे चार्जर प्लगला राहिला म्हणून घरात भांडणं नकोत; भिंतीवरचं सेट-टॉप बॉक्सचं बटण रात्री बंद करायची सवय लावा. राउटरचंही तेच, फक्त त्यावर सीसीटीव्ही नसला म्हणजे झालं.

फोन बदलण्याची तारीख पुढे ढकला

मोठी बचत इथेही आहे. ॲपल आपल्या फोनचे पर्यावरण अहवाल जाहीर करते. त्यांनुसार एका आयफोनच्या पूर्ण आयुष्यातलं उत्सर्जन साधारण ६० किलो कार्बन डायऑक्साइडइतकं असतं, आणि त्यातला जवळपास ८० टक्के भाग फोन तयार होतानाच होऊन गेलेला असतो. खाणीतून धातू काढणं, चिप घडवणं, सगळं त्यात आलं. म्हणजे खोकं उघडण्याआधीच ४८ किलो. आपल्याकडे एका युनिटमागे सरासरी सुमारे ०.७ किलो उत्सर्जन होतं. त्या हिशेबाने वरच्या ‘बंद’ डब्याचे ७३ युनिट म्हणजे ५१ किलो. तो डबा दरवर्षी एक फोन बनवण्याइतका कार्बन सोडतो!

फोन दोन वर्षांत बदलला तर हे ४८ किलो वर्षाला २४ पडतात, पाच वर्षं वापरला तर दहाच्या आत येतात. फोन मंदावला की दुकानात जाण्याआधी स्टोरेज रिकामं करा. दिवस पुरत नसेल तर बॅटरी बदलून घ्या. अधिकृत सेंटरमध्ये महाग वाटली तरी नव्या फोनपेक्षा कितीतरी स्वस्त पडते. कव्हर आणि काचेसाठी मात्र कंजुषी करू नका. सुरक्षेचे अपडेट यायचे थांबले की बँकेची कामं त्या फोनवर नकोत, पण गाणी ऐकायला तो अजून चालतो.

जिथे फायदा आहे तिथे तो पुरता घ्या

डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा पंधरा रुपयांत घरी मिळत असताना तालुक्याच्या गावी एसटीने किंवा मोटारसायकलवर कशाला जायचं? महावितरणच्या ‘गो-ग्रीन’मध्ये कागदी बिल सोडलं की बिलात सवलत मिळते. पण ऑनलाइन आलेलं बिल पुन्हा छापून फाइलला लावणारेही आहेत. त्यांना काय म्हणावं?

आपले फोटो, व्हिडिओ, ई-मेल ज्या संगणकांच्या कोठारांत साठतात, त्या डेटा सेंटरांचा प्रश्न मोठा आहे. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजाने २०२४ मध्ये जगातल्या विजेपैकी सुमारे दीड टक्का तिथे गेली, आणि एआयमुळे हा वाटा वाढतोय. नवी मुंबईतल्या ऐरोली-महापे पट्ट्यातही अशी केंद्रं उभी आहेत. त्यांनी वीज आणि पाणी कुठून घ्यावं हे सरकारने ठरवायचं; घरात बसून आपण फार तर व्हिडिओचा ऑटोप्ले बंद करू शकतो.

आणि शेवटी, टाकायचं कुठे

२०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा झाला. त्यातला रीतसर गोळा होऊन पुनर्चक्रणाला गेल्याची नोंद फक्त २२.३ टक्क्यांची. उरलेल्यापैकी बराच दिल्लीच्या सीलमपूरसारख्या वस्त्यांत पोचतो. तिथे तांब्यासाठी वायर जाळतात, सोन्यासाठी सर्किट आम्लात बुडवतात, आणि हे करणाऱ्यांत लहान मुलंही असतात. यात भंगारवाल्याला दोष देण्यात अर्थ नाही. गल्लीबोळांतून माल गोळा करण्याचं काम तोच सर्वांत चांगलं करतो. गडबड पुढे होते. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनी ई-कचऱ्याच्या रीतसर पुनर्चक्रणाची जबाबदारी उत्पादक कंपन्यांवर टाकली आहे. कंपनीच्या वेबसाइटवर ई-कचऱ्याचं पान शोधा आणि तिथल्या क्रमांकावर फोन करा. पुण्यात ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्थाही ई-कचरा घेते.

फोन देण्याआधी फोटो उतरवून घ्या, सिम आणि कार्ड काढा. रीसेट करण्यापूर्वी गूगल किंवा ॲपलच्या खात्यातून बाहेर पडा. हे विसरलात तर फोन कुलूपबंद राहतो आणि धड असूनही कुणाच्या कामाला येत नाही.

बॅटरी फुगली असेल तर चार्जिंग लगेच थांबवा. ती टोचू नका, दाबू नका, ओल्या-सुक्या कचऱ्यात तर मुळीच टाकू नका. कचऱ्याच्या गाडीत दाबली गेली की पेट घेते. कोरड्या वाळूच्या डब्यात, गॅलरीत, मुलांच्या हाताबाहेर ठेवा.

एकट्याच्या दोन चार्जरसाठी गाडी येत नाही. दिवाळीच्या आवराआवरीत सोसायटीच्या ग्रुपवर यादी फिरवा आणि माल एकत्र करा. गाडी ठरवताना दोन गोष्टी आधीच विचारून घ्या: प्रदूषण नियंत्रण मंडळाची नोंदणी आहे का, आणि फुगलेल्या बॅटऱ्या नेणार का.