जुन्या बेसबॉल कार्डात दम आहे का, हे कसं ओळखावं

अमेरिकेत गराज सेलला, म्हणजे घरातलं जुनं सामान अंगणात मांडून विकतात तिथे, गेलं की बुटांच्या खोक्यात भरलेली बेसबॉल कार्डं, म्हणजे बेसबॉलपटूंची चित्रं छापलेली छोटी कार्डं, हमखास दिसतात. मुलं हट्ट धरतात, आपण चार डॉलर टाकून खोका घरी आणतो, आणि मग प्रश्न पडतो की यातलं कुठलं कार्ड पाहून मुरलेला संग्राहक थबकेल? माझ्या मुलीबरोबर असे बरेच खोके उपसल्यावर आमचा पाहण्याचा एक क्रम ठरून गेला आहे. तोच इथे देते.

सगळ्यात आधी कार्ड उलटा. खेळाडूचा चेहरा नंतर पाहू. मागे कार्डाचा क्रमांक, कंपनीचं नाव आणि बहुतेक वेळा खेळाडूची आकडेवारी असते. साल छापलेलं नसेल तर आकडेवारीतलं शेवटचं वर्ष शोधा आणि त्यात एक मिळवा. शेवटची ओळ १९८८ची असेल तर कार्ड साधारणपणे १९८९चं. बारीक अक्षरात ‘रीप्रिंट’ (म्हणजे नंतर पुन्हा छापलेलं) असं लिहिलेलं असेल तर तिथेच थांबा.

साल कळलं की स्वतःला एकच प्रश्न विचारा: ही कार्डं आज किती उरली असतील? किती छापली, यापेक्षा किती टिकली हे महत्त्वाचं, आणि नवखे लोक इथेच चुकतात. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून १९९०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत कंपन्यांनी कार्डं बेसुमार छापली आणि लोकांनी ती ‘पुढे भाव येईल’ म्हणून जपून ठेवली. सगळ्यांनीच जपली, म्हणून भाव आलाच नाही. संग्राहक त्या काळाला ‘जंक वॅक्स’ म्हणतात. तुमच्या खोक्यात बहुधा हीच कार्डं असतील. वाईट वाटून घेऊ नका, शिकायला ती उत्तम.

आता याच्या उलट पाहा. टॉप्स या कार्ड छापणाऱ्या कंपनीच्या १९५२च्या संचात ४०७ कार्डं होती. ३११ क्रमांकापासूनची कार्डं हंगाम सरत आल्यावर दुकानांत आली, तोवर मुलांचं लक्ष फुटबॉलकडे वळलं होतं. माल पडून राहिला. कंपनीचे साय बर्गर यांनी पुढे सांगितलं की, १९६०मध्ये जागा मोकळी करण्यासाठी ती खोकी बोटीत घालून अटलांटिक समुद्रात बुडवली. त्यातलं ३११ क्रमांकाचं कार्ड मिकी मँटल या गाजलेल्या बेसबॉलपटूचं. ऑगस्ट २०२२मध्ये त्याची एक प्रत १ कोटी २६ लाख डॉलरला विकली गेली.

गंमत म्हणजे हे मँटलचं पदार्पणाचं, म्हणजे ‘रूकी’ कार्ड नव्हे. त्याचं रूकी कार्ड बोमन या दुसऱ्या कंपनीच्या १९५१च्या संचात आहे. एरवी रूकी कार्डाला मान जास्त, पण इथे टॉप्सचा तो मोठा, रंगीत संच आणि मँटलचा तो तरुण चेहरा यांनी बाजी मारली. म्हणून रूकी आहे का हे जरूर पाहा, पण तेवढ्यावर निकाल देऊ नका. होनस वॅग्नर या जुन्या काळच्या बेसबॉलपटूचं ‘टी२०६’ नावाच्या मालिकेतलं कार्डही रूकी म्हणून गाजलेलं नाही. १९०९ ते १९११ या काळात सिगारेटच्या पाकिटांतून निघणाऱ्या त्या मालिकेतून त्याचं कार्ड लवकरच मागे घेतलं गेलं. आज जेमतेम साठेक प्रती माहीत आहेत.

यानंतर भिंग आणि पट्टी घ्या. डावी-उजवी पांढरी किनार मोजा. एकीकडे ३ मिलिमीटर आणि दुसरीकडे २ मिलिमीटर भरली तर छपाई ६०-४० झाली. जितकी ५०-५०च्या जवळ, तितकी चांगली. मग चारही कोपरे पाहा, गोलावलेत की टोकदार आहेत. शेवटी कार्ड दिव्याखाली तिरपं धरा, समोरून न दिसणाऱ्या सुरकुत्या आणि ओरखडे तेव्हा दिसतात. १९७१च्या टॉप्सला काळी किनार आहे, त्यामुळे कडेचा टवका लगेच नजरेत भरतो. त्या संचातलं निर्दोष कार्ड हाती आलं तर माझी मुलगी आनंदाने ओरडते, आणि ते योग्यच आहे.

कोपरे संशय यावा इतके धारदार असतील तर कार्डाची लांबी-रुंदी मोजा. १९५७पासून टॉप्सचं नेहमीचं माप अडीच बाय साडेतीन इंच आहे. त्याच संचातलं एखादं साधं कार्ड शेजारी ठेवून ताडून पाहणं सगळ्यात सोपं. झिजलेल्या कडा कापून कार्ड नवं दाखवण्याची लबाडी जुनी आहे. आइस हॉकीपटू वेन ग्रेट्झ्की एकेकाळी ज्याचा सहमालक होता, ते जगप्रसिद्ध वॅग्नर कार्डही असंच कापलेलं निघालं. पीएसए या संस्थेने प्रतवारी करून प्लास्टिकच्या डबीत बंद केलेलं ते पहिलंच कार्ड होतं. कडा कापल्याची कबुली एका लिलाव व्यावसायिकाने २०१३मध्ये न्यायालयात दिली. तेव्हा डबीवरचा प्रतवारीचा आकडा वाचा, पण आतलं कार्डही स्वतःच्या डोळ्यांनी पाहा.

विकणाऱ्याला कार्ड कुठून आलं हेही विचारा. कोटींत गेलेलं ते मँटल कार्ड १९८०च्या दशकात बॉस्टन परिसरातल्या एका घरी सापडलेल्या साठ्यातलं. पुढच्या मालकाने ते १९९१मध्ये ५० हजार डॉलरला घेतलं आणि विक्रेत्याचं पत्रही जपून ठेवलं. जुन्या पावत्या, पत्रं फेकू नका.

आवडलेलं कार्ड ओल्या फडक्याने पुसू नका, च्युइंगगमचा डाग खरवडू नका, रबरबँड तर मुळीच लावू नका. हात कोरडे करून कार्ड कडेने धरा, आधी मऊ प्लास्टिकच्या पिशवीत सरकवा, मग टॉपलोडरमध्ये, म्हणजे वरून उघड्या कडक प्लास्टिकच्या पाकिटात. खोक्यातली उरलेली कार्डं मुलांना मनसोक्त हाताळू द्या.