सामायिक ऑफिससाठी (को-वर्किंग) जागा घेताय? करारातल्या या चुका टाळा

मालकाने चौरस फुटामागे दर थोडा खाली आणला की वाटतं, बाजी मारली. पहिल्या जागेच्या वेळी माझंही तेच झालं. दरावरून तीन बैठका झाल्या आणि ‘भाडेकरूव्यतिरिक्त अन्य कोणासही जागेचा वापर करू देणार नाही’ हे वाक्य मी नुसतं नजरेखालून घातलं. छापील मसुद्यात ते असतंच, म्हणून. आणि आमचा धंदा काय, तर जागा इतरांना वापरू देणं!

चार महिने सगळं सुरळीत चाललं. मग आमच्याकडे पैसे भरून बसणाऱ्या एका सभासदाने खाली लॉबीतल्या फलकावर कंपनीचं नाव लावायला मागितलं. बिल्डिंगच्या व्यवस्थापकाने करार काढला, मालकाला फोन केला आणि आठवड्याभरात करारभंगाचं पत्र आमच्या टेबलावर. पुरवणी करार करून प्रकरण मिटलं, पण त्या बदल्यात भाडेवाढीची तारीख सहा महिने अलीकडे आली.

म्हणून पहिली चूक हीच: पोटभाडेकरूचं कलम जसंच्या तसं स्वीकारणं. ते काढून टाका म्हणाल तर कोणताही मालक बिथरेल. त्याची भीती खोटी नसते. उद्या तुम्ही बुडालात आणि आत बसलेले चाळीस जण ‘आम्हीही भाडेकरू’ म्हणू लागले तर? त्याच भीतीचं उत्तर त्याला द्या. सभासदांना फक्त वापराची मुभा आहे, ताबा नाही; मूळ करार संपला की त्यांची मुभाही त्याच दिवशी संपेल; आणि हे वाक्य प्रत्येक सभासदाच्या करारात असेल, हे लिहून द्या. तुमच्या सभासद-कराराचा नमुना मूळ कराराला जोडा. त्याबदल्यात एक ओळ मिळवा: दिवसाच्या, महिन्याच्या किंवा वर्षाच्या बोलीवर सभासदांना बसू देणं म्हणजे पोटभाड्याने देणं नव्हे आणि त्यासाठी दरवेळी परवानगी लागणार नाही. फलकावरची नावं, सभासदांची टपालं आणि त्यांच्या कंपनीच्या नोंदणीसाठी हा पत्ता वापरणं, हे तिन्ही नाव घेऊन लिहा. ‘संबंधित सुविधा’ असं मोघम लिहिलंत की भांडण ठरलेलं.

(तुम्ही सामायिक ऑफिसचे चालक नसून तिथे केबिन घेणारे असाल, तर चालकाकडे हीच ओळ दाखवायला मागा. भाड्याचे आकडे झाकून करार दाखवला तरी चालेल. दाखवायला कां-कूं केलं तर केबिन कितीही देखणी असो, वर्षभराचे पैसे आगाऊ देऊ नका.)

दुसरी चूक मुदतीची. मालकाशी दहा वर्षं बांधून घ्यायचं आणि सभासदाला महिन्याच्या नोटिशीवर सोडायचं, हा या धंद्याचा जन्मजात दोष. सामायिक ऑफिसं चालवणाऱ्या वीवर्क या अमेरिकी कंपनीने २०१९ मध्ये शेअर विक्रीसाठी कागदपत्रं दाखल केली, तेव्हा पुढच्या अनेक वर्षांत द्यायची भाड्याची बांधिलकी ४७ अब्ज डॉलरच्या आसपास निघाली. समोर सभासदांकडून पक्कं येणं त्याच्या पासंगालाही पुरत नव्हतं. ती शेअर विक्री मागे घेतली गेली आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये कंपनीने अमेरिकेत दिवाळखोरी संरक्षण मागितलं. तिथे त्यांनी केलं काय? कित्येक जागांचे करार सोडले आणि उरलेल्यांची भाडी नव्याने ठरवली. म्हणजे जी घासाघीस सहीआधी व्हायची, ती कोर्टाच्या आडोशाला झाली. आपल्यासारख्यांना तो आडोसा परवडत नाही.

लॉक-इन, म्हणजे करार मध्येच न सोडण्याची बांधील मुदत, पूर्ण काढून मिळणार नाही, तो हट्ट धरू नका. लॉक-इन एकतर्फी हवा: तुम्हाला ठरावीक काळानंतर निघता यावं, मालकाला मात्र मुदत संपेपर्यंत काढता येऊ नये. मालक का ऐकेल? कारण तुम्ही फर्निचर, वायरिंग, काचेच्या पार्टिशनवर खर्च करता आणि निघालात तर ते त्याच्याकडे राहतं. हे त्याला बोलून दाखवावं लागतं. मजले टप्प्याटप्प्याने घ्यायची सोय मागा. दुसरा मजला वर्षभर राखून ठेवण्याचं थोडं शुल्क गेलं तरी रिकाम्या खुर्च्यांच्या भाड्यापेक्षा ते स्वस्त. आणि बाहेर पडण्याच्या कलमातल्या अटी बारकाईने वाचा. ‘कोणतीही थकबाकी नसल्यास’ या तीन शब्दांनी हे कलम निकामी होऊ शकतं, कारण मेंटेनन्सचं एखादं वादातलं बिल कायम लोंबकळत असतंच. तिथे ‘वाद नसलेली भाड्याची थकबाकी’ एवढंच राहू द्या.

मालकाला स्थिर भाड्याऐवजी उत्पन्नात वाटा देण्याचा रस्ताही आहे. जागा भरली नाही तर तोटा दोघांचा. मात्र मग तो हिशोबाच्या वह्या तपासणार, आणि ‘उत्पन्न’ म्हणजे काय यावर तुमची खरी वादावादी होणार. कॉफी, प्रिंट, मीटिंग रूम त्यात की बाहेर?

आता आकडे. दर कमी मिळाला, पण कोणत्या क्षेत्रफळावर? भाडं आकारलेलं क्षेत्र १०,००० चौरस फूट आणि प्रत्यक्ष वापरता येणारं ७,००० असेल, तर १०० चा दर खरं म्हणजे जवळजवळ १४३ चा पडतो. लॉबी, लिफ्ट, खांब, जिने यांच्यावर टेबलं मांडता येत नाहीत. स्वतः टेप घेऊन मोजा आणि दोन जागांची तुलना एका खुर्चीमागच्या भाड्यावर करा. भाडेवाढीचंही तसंच: दरवर्षी ५ टक्के आणि दर तीन वर्षांनी १५ टक्के हे ऐकायला सारखंच. नऊ वर्षांचा हिशोब मांडलात तर पहिल्या पद्धतीत पहिल्या वर्षाच्या दराने सात महिन्यांचं भाडं जादा जातं.

जागा तयार करायला मिळणारा बिनभाड्याचा काळ सहीच्या दिवसापासून मोजू देऊ नका. आम्हाला तीन महिने मिळाले होते. पण सामान वर न्यायची लिफ्ट रात्री नऊनंतरच वापरता यायची आणि वाढीव वीजभार मंजूर व्हायला दहा आठवडे गेले. पहिलं भाडं भरलं त्या दिवशी आमच्याकडे एक मीटिंग टेबल आणि प्लायवूडचा ढीग होता. हा काळ ताबा, पुरेशी वीज आणि कामाची परवानगी या तिन्हींतल्या शेवटच्या तारखेपासून सुरू व्हावा. ताबा घेताना भिंती, छत, फरशी यांचे तारखेसह फोटो काढून जोडा. पुढे ‘जागा मूळ स्थितीत परत करा’ म्हणतील तेव्हा मूळ स्थिती कोणती, हा प्रश्न पडायला नको.

बसणाऱ्यांची संख्याही आधी तपासा. सामायिक ऑफिसात माणसं दाटीने बसतात. स्वच्छतागृहं, एसी आणि आगीच्या वेळचे जिने मात्र साध्या ऑफिसच्या हिशोबाने बांधलेले असतात. नकाशात शंभर खुर्च्या बसल्या म्हणून शंभर माणसांची परवानगी मिळत नाही. वैयक्तिक हमी, म्हणजे कंपनीने भाडं थकवलं तर मी स्वतः भरेन असं लिहून देणं, द्यावीच लागली तर तिला रकमेची आणि वर्षांची मर्यादा घाला.

आणि सही होऊन गेली असेल तर? मालकाला तुमची गरज पडेपर्यंत थांबा. ती पडते. तो इमारत विकायला काढतो किंवा तारण ठेवतो, तेव्हा करार चालू आहे, मालकाकडे आपलं काही येणं नाही, असं पत्र घेणारा किंवा बँक भाडेकरूकडून मागते. ते पत्र द्यावंच लागेल असं करारात नसेल, तर दुरुस्त्यांची यादी तयार ठेवण्याची वेळ हीच. मालकाने बँकेचं कर्ज थकवलं तरी आपला करार अबाधित राहील, हेही त्याच वेळी बँकेकडून लिहून घ्या.

आमच्या जागेत शनिवारी एसी बंद असायचा आणि सुरू ठेवायचे तासाचे जादा पैसे लागायचे. दोन वर्षं विनंत्या केल्या. बँकेच्या पत्राची घाई झाली, त्या आठवड्यात शनिवारचा एसी मेंटेनन्समध्ये आला.