जिन्याखालची तिरकी दारं: आकडे नकोत, साचा घ्या

आमच्या निगडीच्या घरात जिन्याखाली बावीस वर्षं पडदा होता. पडद्यामागे इन्व्हर्टर, गणपतीच्या मखराचं सामान, मुलीची लहानपणची सायकल आणि लोणच्याच्या रिकाम्या बरण्या. पाहुणे आले की पडदा ओढायचा, गेले की विसरायचं. शेवटी दोन मिस्त्री बोलावले. पहिले म्हणाले, "काका, तिरक्या कामाचं परवडत नाही." दुसरे म्हणाले, चौकोनी कपाटं करू आणि वरचा त्रिकोण प्लायने बंद करून टाकू. म्हणजे निम्मी जागा भिंतीत चिणायची! मी भोसरीत एकतीस वर्षं फिटर होतो. म्हटलं, आपणच करू.

आधी चढ समजून घ्या. आमच्या पायरीची उंची ७ इंच, रुंदी १० इंच. म्हणजे दर १० इंचाला छत ७ इंच खाली येतं. कोन साधारण ३५ अंशांचा. हे कागदावर. प्रत्यक्षात खालचा स्लॅब कुणा गवंड्याने संध्याकाळी घाईत गिलावा करून सोडलेला असतो. मी ओळंबा सोडला तर बाजूची भिंत सहा फुटांत ११ मिमी बाहेर निघाली आणि तिरक्या कडेला मध्येच पोट निघालं. टेपने चार मापं घेऊन कागदावर चित्र काढलंत तर दार त्या चित्रात बसेल, जिन्याखाली नाही.

म्हणून आधी चौकट आणि उभी पार्टिशनं बसवून घ्या, १८ मिमी प्लायची. भिंतीला टेकणारी पट्टी ओळंब्यात उभी धरा. एका वॉशरच्या भोकात पेन्सिलचं टोक घाला आणि वॉशर भिंतीला टेकवून वरून खाली गडगडत न्या. भिंतीचं पोट, खड्डा, सगळं पट्टीवर उमटतं. त्या रेघेवर रंधा मारला की पट्टी भिंतीला चिकटून बसते. मग राहिल्या फटींत पाचरी ठोकून स्क्रू मारा. या कामाला माझा पूर्ण रविवार गेला, आणि तो वाचवू नका. चौकट सरळ असेल तर दारं रडत नाहीत.

आता साचा. प्रत्येक गाळ्याचा, म्हणजे दोन पार्टिशनांमधल्या जागेचा, वेगळा, कारण गाळे सारखे दिसले तरी सारखे नसतात. ४ मिमी प्लायच्या दोन-दोन इंचांच्या पट्ट्या घ्या. एक पट्टी डावीकडे टेकवा, एक उजवीकडे, एक खाली, एक तिरक्या कडेला. कोपऱ्यांवर जिथे एकमेकींवर येतात तिथे दोन-दोन छोटे स्क्रू. शेवटी एक पट्टी आडवी-तिडवी मारा, नाहीतर साचा उचलताना खाटेसारखा कलतो. गाळ्याचा आकार जसाच्या तसा हातात येतो, एकही आकडा लिहावा लागत नाही. साच्यावर मोठ्या अक्षरात "दर्शनी बाजू" लिहा आणि वरच्या दिशेला बाण काढा. का, ते पुढे सांगतो.

दारांची रुंदी मी १५ इंच ठरवली. एक कारण म्हणजे जिन्यासमोरचा आमचा बोळ तीन फुटांचा. त्याहून रुंद दार उघडलं तर माणूस अडकतो. दुसरं कारण प्लायचं पान, ८ बाय ४ फुटांचं. माझ्या चार दारांची उंच बाजू साधारण ७२, ६१, ५० आणि ३९ इंच. प्रत्येकाची बुटकी बाजू साडेदहा इंचांनी कमी. दुसरं आणि चौथं दार एकमेकांच्या डोक्याला डोकं लावून, चौथं उलटं फिरवून ठेवलं की तिरक्या कडा एकमेकींत बसतात आणि दोन्ही मिळून साधारण ९० इंचांत मावतात. म्हणजे पावणेसोळा इंची तीन पट्ट्यांत चारही दारं, एका पानात. हे कागदाचे तुकडे कापून जेवणाच्या टेबलावर जुळलं तेव्हा मला इतका आनंद झाला की सौ.ने विचारलं, लॉटरी लागली का.

प्लाय १९ मिमी, बीडब्ल्यूआर म्हणजे उकळत्या पाण्यालाही दाद न देणाऱ्या प्रतीचा घ्या. शिक्का आयएस ३०३ या भारतीय मानकाचा बघा. दार सात फुटांच्या वर जात असेल तर ब्लॉकबोर्ड कमी वाकतो, पण तिरका कापला की आतल्या फळकुटांमधल्या फटी उघड्या पडतात, आणि बिजागरीचं भोक नेमकं अशा फटीवर आलं तर स्क्रू धरत नाही. माझं सगळ्यात उंच दार सहा फुटांचं, म्हणून प्लायच.

सनमायका दोन्ही बाजूंना लावायचा. बाहेर १ मिमी, आत ०.८ चा पांढरा. आत कशाला खर्च, असं दुकानदारसुद्धा म्हणेल. एकाच बाजूला लावलंत तर दार एका पावसाळ्यात पापडासारखं वळेल. फेविकॉल पातळ आणि सगळीकडे सारखा पसरा. दारं कापण्याआधीच्या त्या पावणेसोळा इंची तिन्ही पट्ट्या एकावर एक रचा, मध्ये वर्तमानपत्र घाला, वर एक सपाट फळी आणि तिच्यावर पाण्याचे वीस लिटरचे जार. मी सहा ठेवले. रात्रभर हात लावायचा नाही.

कापताना माझी फजिती झाली. गोल करवतीचं पातं खालून वर कापतं, त्यामुळे वरच्या बाजूचे टवके उडतात. म्हणून चांगली बाजू खाली ठेवून कापायचं, हे मला माहीत होतं. पट्टी उलटी केली, साचा वर ठेवला, रेघा मारल्या, सरळ फळीच्या आधाराने झकास कापलं. दार उचलून गाळ्यात धरलं तर चढ उलट्या दिशेला! पट्टी उलटी केली होती, साचा सुलटाच राहिला होता. तिरक्या दाराला डावं-उजवं असतं. चौकोनी दाराची सवय असलेल्या हाताला ते कळत नाही. फॅक्टरीत हे केलं असतं तर फोरमनने सगळ्यांसमोर विचारलं असतं. इथे फक्त सौ. हसली. नवं पान आणावं लागलं. तेव्हा पट्टी पालथी तर साचाही पालथा, "दर्शनी बाजू" ही अक्षरं दिसता कामा नयेत. मी आता उलट बाजूला "कापा" असं लिहितो. ते फुकट गेलेलं दार इस्त्रीच्या टेबलाचा वरचा भाग झालं आहे.

रेघ मारताना साच्यापासून आत यायचं: दोन्ही उभ्या कडांना एक सूत, खाली १० मिमी, तिरक्या कडेला ५ मिमी. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तीन मिमीहून किंचित जास्त. कडांना ०.८ मिमीची पीव्हीसी पट्टी लावली तर वेगळं काही वजा करायला नको. २ मिमीची लावणार असाल तर तेवढं आधीच कमी करा. खालची कड विसरू नका. फरशी पुसताना पाणी तिथूनच चढतं आणि प्लाय फुगतो. कुणाला दिसत नाही म्हणून मिस्त्री ती कोरी सोडतात. मी तिला पट्टीखाली दोन हात ऑइल पेंटही दिला.

बिजागऱ्या दाराच्या उंच बाजूला लावायच्या. वजन पेलायला जास्त लांबी मिळते हे एक. पण खरं कारण वेगळं आहे. वरच्या उंच कोपऱ्याचं टोक ५५ अंशांचं, भाल्यासारखं. बुटक्या बाजूला बिजागरी लावलीत तर दार उघडताना ते टोक सहा फुटांवर, म्हणजे नेमकं घरातल्या माणसांच्या कपाळाच्या उंचीवर फिरतं. उंच बाजूला लावली की टोक जागच्या जागी वळतं. तरीही पॉलिश पेपरने ते जरा बोथट करा.

दार चौकटीच्या आत बसत असेल तर दुकानात १५ क्रँकची ऑटो हिंज मागा, म्हणजे दारात वाटी बसवायची, स्प्रिंगने आपोआप मिटणारी बिजागरी; क्रँक म्हणजे तिच्या हाताचा बाक. शून्य क्रँक चौकटीवर चढणाऱ्या दाराची असते. वाटीचं भोक ३५ मिमी व्यासाचं, खोली १२ मिमी. ड्रिलच्या बिटाला टेप गुंडाळून खूण करा, नाहीतर बाहेरच्या सनमायकाला टेंगूळ येतं. भोकाचा मध्य कडेपासून साडेबावीस मिमी. चौकटीवरच्या प्लेटचे स्क्रू पुढच्या कडेपासून ३७ मिमी अधिक दाराची जाडी, म्हणजे माझे ५८ वर आले. कंपनीनुसार थोडा फरक पडतो, म्हणून आधी टाकाऊ तुकड्यावर एक लावून बघा. वरची बिजागरी टोकापासून किमान सहा इंच खाली. सहा फुटी दाराला तीन, बुटक्यांना दोन पुरतात.

मुठी बोळात कमरेला लागतात, म्हणून मला दाबून उघडणारे लॅच हवे होते. ते स्प्रिंगच्या बिजागरीबरोबर चालत नाहीत. एक बाहेर ढकलतं, दुसरी आत ओढते. बिनस्प्रिंगच्या बिजागऱ्या मागून घ्याव्या लागल्या.

इन्व्हर्टर आत असेल तर हे कराच: चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि तो हलका असल्याने वर साठतो. मी त्या गाळ्याच्या दाराला खाली एक आणि तिरक्या कडेजवळ एक, अशा दोन जाळ्या बसवल्या. पाणी भरायला बॅटरी पुढे ओढता येईल एवढी जागाही ठेवली.

शेवटच्या चाळीसेक इंचांच्या त्रिकोणाला दार लावू नका. निमुळत्या टोकाला प्लाय टिकत नाही आणि आत हात जात नाही. तिथे चाकांवरचा, चपलांचा खण करा. माझा अजून व्हायचा आहे, तोवर तिथे पडद्याचा उरलेला तुकडा आहे.

दारं टांगल्यावर बिजागरीच्या स्क्रूने नेमकी जागा धरायची असते. इथे तिरक्या दाराची आणखी एक खोड लक्षात ठेवा: दार बाजूला ३ मिमी सरकवलं की वरची तिरकी फट २ मिमीने बदलते. बुटक्या बाजूकडे नेलं तर बुजते, उंच बाजूकडे नेलं तर उघडते. म्हणून आधी उभ्या फटी जुळवा, मग प्लेट वर-खाली करून तिरकी. मी उलट क्रमाने गेलो आणि पहिल्या दारापाशी दोन तास स्टुलावर बसून राहिलो. चौथं दार वीस मिनिटांत लागलं.