बुटाच्या नाडीचा हुक डिझाइन करायचा म्हणजे: या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

घोट्याच्या वर जाणारा कोणताही बूट घ्या. ट्रेकिंगचा असो, पोलिसांचा असो की कारखान्यातला सेफ्टी शू. खाली आयलेट, म्हणजे नाडी ओवायची धातूची कडी लावलेली भोकं असतात आणि वरच्या दोन-तीन जोड्या बहुधा उघड्या हुकांच्या. बूट घालता-काढताना नाडी दरवेळी ओवत बसावं लागू नये, झटकन अडकावी आणि झटकन सुटावी, एवढंच त्या हुकाचं काम. पण जो हुक नाडीला उघडा असतो तो पँटच्या मोहरीलाही उघडा असतो, सलवारीच्या पायालाही, आणि शेजारच्या बुटाच्या नाडीलाही. सगळी डोकेदुखी इथे सुरू होते.

मी मेकॅनिकल डिप्लोमा करून भोसरीतल्या प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा कापून-वाकवून सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात लागलो आणि तिथून बुटांच्या धातूच्या फिटिंगकडे वळलो. आता डिझाइन शिकलेली मुलं विचारतात, की या कामात यायचं तर काय शिकू? बहुतेकांचा समज असा, की चांगला वक्र काढला, थ्री-डी मॉडेल गुळगुळीत दिसलं, की हुक कपड्यात अडकणार नाही. माझा अनुभव निराळा आहे. आकार चुकल्यामुळे अडकणारे हुक थोडे. बहुतेक हुक अडकतात ते कडेला बर (पत्रा कापताना उभा राहणारा धारदार ओठ, इंग्रजीत burr) राहिल्यामुळे, बसवताना फिरल्यामुळे किंवा भलत्या जागी बसवल्यामुळे. म्हणून आधी प्रेस आणि बूट शिवणारी लाइन बघा, सॉफ्टवेअर नंतर.

तरी आकाराचं आधी बोलू, कारण त्यातलं एक सूत्र कळलं की बाकीचं समजायला सोपं जातं. नाडी समोरच्या बाजूच्या खालच्या भोकातून किंवा हुकातून तिरकी वर येते, हुकाच्या बाहेरून वळसा घेते आणि परत मधल्या जिभेकडे जाते. म्हणजे तिचा ताण कायम मध्याकडे असतो. म्हणून हुकाचा बंद वळसा मध्याकडे ठेवतात आणि तोंड बाहेरच्या बाजूला. नाडी ताणलेली असते, बोटाच्या जोरावर आत शिरते. कपडा सैल असतो, जोर नसतो, नुसता घासत जातो. या फरकावर डिझाइन उभं करायचं: जोराने येणाऱ्याला वाट, घासत येणाऱ्याला नाही.

व्यवहारात याचा अर्थ असा, की हुकाचं टोक खाली, कातड्याच्या जवळ वळवायचं. ट्रेकिंगच्या बुटाची गोल नाडी साधारण 4 ते 5 मिलिमीटरची असते, पण ती दाबली जाते, त्यामुळे तोंडाची फट नाडीच्या जाडीपेक्षा कमी ठेवली तरी चालते. हुकाखाली फोमची गादी असेल तर आणखी सोय. टोक त्या गादीत किंचित रुतून बसतं, नाडी ओढली की गादी दबते, नाडी आत जाते आणि फट पुन्हा मिटते. फट किती कमी करायची याला मर्यादा आहेच. थंडीत, हातमोजे घालून, अंधारात बूट चढवणाऱ्या माणसाला ती नाडी आत ढकलता आली पाहिजे. टोक अगदी चिकटवून टाकलेले हुक मी पाहिलेत. कपडा अडकत नाही हे खरं, पण नाडीही जात नाही, मग लोक पकडीने टोक उचकटतात. असं उचकटलेलं टोक मूळच्या उघड्या हुकापेक्षा वाईट.

आणि आतल्या बाजूचे हुक विसरू नका. डाव्या बुटाच्या आतल्या रांगेची तोंडं उजव्या बुटाकडे असतात आणि उजव्याची डाव्याकडे. चालताना पाय एकमेकांजवळून जातात. एका बुटाच्या गाठीचा लोंबता फास दुसऱ्या बुटाच्या हुकात गेला की माणूस सरळ तोंडावर. कपड्याचा धागा निघणं ही तक्रार झाली. सह्याद्रीतल्या एखाद्या अरुंद आडव्या वाटेवर पाय बांधल्यासारखा होणं हा अपघात आहे. त्यामुळे आतली आणि बाहेरची रांग सारखीच हवी हा हट्ट मला पटत नाही. आतल्या बाजूला कमी उंचीचा हुक किंवा वरच्या जागी पट्टीचा बंद फास द्यायला काय हरकत आहे? मार्केटिंगवाले म्हणतात दिसायला विजोड वाटतं. वाटू दे.

सगळ्यात वरच्या जोडीचं प्रकरण वेगळंच. घोट्याला काचतं म्हणून कितीतरी लोक तो हुक रिकामाच ठेवतात. नाडी भरलेल्या हुकाचं तोंड बरंचसं अडलेलं असतं, रिकाम्याचं सताड उघडं, आणि नेमका तोच मोहरीच्या सर्वात जवळ. ड्रॉइंगमध्ये सगळे हुक नाडीने भरलेले दाखवतात. तुम्ही रिकामा हुक डोळ्यासमोर ठेवून डिझाइन करा.

आता बर. पत्रा पंच (वरून दाबणारा ठसा) आणि डाय (खालचा साचा) यांमधून कापला की कापलेल्या तुकड्याची एक कड गोलसर होते आणि दुसऱ्या कडेला बारीक धारदार ओठ उभा राहतो. तुकड्यावर हा ओठ पंचच्या बाजूला येतो, गोलाई डायच्या बाजूला. हुक वाकवताना कोणती बाजू वर ठेवायची हे कोणीतरी ठरवावं लागतं, आणि कोणीच ठरवलं नाही तर टूल बनवणारा आपल्या सोयीने ठरवतो. ओठ बाहेर आला तर कपड्याचा धागा ओढतो. आत आला तर नाडी कुरतडतो. दोन्हीकडून मार. यावर खरा उपाय म्हणजे कडा आतल्या बाजूला दुमडून घेणं, म्हणजे कापलेली कड कातड्याकडे तोंड करून लपते आणि बाहेर फक्त वाकवलेला गुळगुळीत पत्रा राहतो. टूलमध्ये एक स्टेशन, म्हणजे कामाचा एक टप्पा वाढतो, खर्च वाढतो. खर्च झेपत नसेल तर निदान व्हायब्रेटरमध्ये, म्हणजे थरथरत्या भांड्यात, दगडांबरोबर घोळवून कडा मोडायच्या, आणि तेही प्लेटिंगच्या (धातूचा मुलामा चढवण्याच्या) आधी. हे आधी-नंतरचं भान फार महत्त्वाचं. विजेच्या प्लेटिंगमध्ये धातू धारदार कडेवर जास्त चढतो, त्यामुळे राहिलेली बर झाकली न जाता आणखी कडक दाणा होऊन बसते.

बर बोटाने तपासू नका. प्रेसवर काम करणाऱ्यांची बोटं राठ झालेली असतात, त्यांना काही लागत नाही. कापसाचा बोळा घ्या, तो हुकावरून सगळ्या दिशांनी हलका फिरवा आणि मग हुक उजेडात धरून बघा. एक जरी तंतू टोकाला लटकलेला दिसला तरी तो माल परत. वैतागलेला पुरवठादार म्हणेल, की साहेब, ड्रॉइंगमध्ये कापसाचं काही लिहिलेलं नाही. त्यावर उत्तर एकच: पुढच्या वेळी ड्रॉइंगमध्ये लिहा. बर अमुक इतकी चालेल, अमुक बाजूलाच चालेल, टोकाला अजिबात चालणार नाही. नवीन माणसाच्या ड्रॉइंगमध्ये मापं भरपूर असतात आणि ही एक ओळ नसते. शिवाय पंच झिजत जातो तशी बर वाढत जाते. पहिला नमुना पास झाला म्हणून लाखाव्या हुकाची हमी मिळत नाही.

बसवण्याची गोष्ट त्याहून दुर्लक्षित. हुकाच्या खालची नळी कातड्यातून आरपार जाते आणि मागच्या बाजूला फुलवून दाबतात. वरचं कातडं, मधली मजबुतीची पट्टी आणि अस्तर मिळून जेवढी जाडी होते तिच्याशी नळीची लांबी जुळली पाहिजे. आखूड पडली तर हुक उपटून येतो. लांब झाली तर घट्ट बसत नाही आणि गोल फिरायला लागतो. फिरलेला हुक हाच माझ्या मते मुख्य गुन्हेगार. तोंड बाहेरच्या बाजूला आहे असं गृहीत धरून तुम्ही सगळं ठरवलेलं असतं, आणि प्रत्यक्षात तो फिरून तोंड वर करून बसतो. वरून खाली येणारी मोहरी मग सरळ त्याच्या घशात. हे टाळायला नळी गोल न ठेवता लांबट ठेवतात, किंवा बैठकीला बारीक दात देतात जे कातड्यात रुततात. कातडं ही नैसर्गिक वस्तू आहे, पोटाकडचं मऊ आणि सैल, पाठीकडचं घट्ट. एकाच बॅचमध्ये जाडी बदलते. म्हणून लाइनवर जाऊन उभे राहा, बसवलेले हुक हाताने पिळून बघा. हे शिक्षण कुठल्याही वर्गात मिळत नाही.

चाचणीबद्दल नव्या लोकांचा गोंधळ होतो. कपडा किती लवकर धागे सोडतो याची प्रमाणित चाचणी आहे, मेस टेस्ट. फिरत्या नळकांड्यावर कापड चढवतात, त्यावर साखळीला बांधलेला काटेरी गोळा उड्या मारत राहतो, आणि शेवटी कापडाला 5 ते 1 अशी श्रेणी देतात. पण ती परीक्षा कापडाची आहे, हुकाची नाही. खेळण्यांसाठी धारदार कडेची चाचणी आहे: दांड्यावर टेफ्लॉनची टेप गुंडाळून 6 न्यूटनच्या जोराने कडेवर एक पूर्ण फेरा द्यायचा, टेप निम्म्याहून जास्त कापली गेली तर कड धारदार. बर पकडायला ही उपयोगी, पण उघड्या तोंडाबद्दल काहीच सांगत नाही. सेफ्टी शूजचं आपलं आयएस 15298 आहे, त्यात पायाच्या बोटांवर पडणारा आघात वगैरे सगळं येतं. मोहरीची काळजी तुम्हालाच करायची आहे.

मी करतो ते असं. बूट पायाच्या साच्यावर चढवतो, एकदा नाड्या पूर्ण बांधून आणि एकदा वरचा हुक रिकामा ठेवून. मग पातळ नायलॉनचा स्टॉकिंग, होजिअरीचं कापड, शिफॉन, आणि फॉल लावलेली साडी, एकेक करून हुकांवरून वरून खाली, खालून वर, पुढून मागे, मागून पुढे ओढतो. कापडाच्या टोकाला साधा स्प्रिंगचा ताणकाटा. कुठे काटा उडी मारतो ते लिहून ठेवायचं, आणि त्या जागेचा फोटो काढायचा.

साडी कशाला, असं विचारतील. बाहेरच्या कंपन्यांचे नमुने बहुतेक जाड पँट डोळ्यासमोर ठेवून बनतात. आपल्याकडे बांधकामावर आणि कारखान्यात बायका साडीवर किंवा सलवारीवर सेफ्टी शूज घालतात. फॉल साडीला हातशिलाईने लावलेला असतो, आणि त्या शिलाईचे छोटे-छोटे टाके म्हणजे हुकासाठी तयार ठेवलेले फासच. बोरीच्या काट्यासारखं होतं, आत जाताना कळत नाही, पाऊल उचललं की पकडतो. हा एक टाका सुटला की पाठोपाठ फॉल लोंबायला लागतो आणि मग पाय त्यातच अडकतो. आपल्या देशात विकायचा बूट आपल्या कपड्यांवर तपासायला हवा, यात वाद घालण्यासारखं काही नाही.

हातमोज्यांचं थोडक्यात. 19व्या शतकाच्या उत्तरार्धात पाश्चात्त्य बायकांच्या तलम कातडी हातमोज्यांना मनगटावर अशाच छोट्या हुकांच्या रांगा असत. आज बहुतेक ठिकाणी वेल्क्रो आला. तरी कधी काम आलंच, तर लक्षात ठेवा की पाय ठरावीक जागीच घासतो, हात सगळीकडे जातो: खिशात, स्कार्फवर, केसांत. कातडं पातळ असतं म्हणून नळी अगदी आखूड लागते आणि मागची फुलवलेली कड मनगटाला टोचते, तिच्यावर अस्तर हवंच. आणि निकेल. त्वचेला बराच वेळ लागून राहणाऱ्या वस्तूतून दर आठवड्याला दर चौरस सेंटिमीटरमागे 0.5 मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त निकेल सुटता कामा नये, असा युरोपचा नियम आहे. माल निर्यात होणार असेल तर प्लेटिंगवाल्याशी आधी बोला.

जुनी पेटंट वाचायची सवय लावून घ्या. फुकट आहेत आणि चित्रं उत्तम असतात. पेटंटच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात बुटांच्या बंदांना ए43सी हा वर्ग आहे, आणि त्यातला गट 3 नाडीच्या हुकांचा आणि त्या हुकांवरच्या आवरणांचा. हुकांच्या आवरणांना वर्गीकरणात नावानिशी जागा मिळाली, यावरून ही तक्रार किती जुनी आहे ते समजा. लांब घेराच्या झग्यांच्या काळात ती असणारच. शिकागोच्या व्हिटकम जडसनने 1893मध्ये ज्या बंदाचं पेटंट घेतलं तोही बुटांसाठीच होता, हुक आणि कड्यांच्या रांगा एका सरकत्या तुकड्याने बंद करणारा. झिपचा तो पूर्वज.

शिक्षण कुठे घ्यायचं? डाय-टूलची बाजू हवी असेल तर छत्रपती संभाजीनगरचं इंडो-जर्मन टूल रूम जवळ आहे. बुटांची बाजू हवी असेल तर एफडीडीआय (फुटवेअर डिझाइन अँड डेव्हलपमेंट इन्स्टिट्यूट); आपल्याला त्यांचा अंकलेश्वरचा कॅम्पस सोयीचा. आग्रा आणि चेन्नईला सीएफटीआय (सेंट्रल फुटवेअर ट्रेनिंग इन्स्टिट्यूट) आहेत, आणि कातड्याचं शास्त्र समजून घ्यायचं तर चेन्नईचं सीएलआरआय (सेंट्रल लेदर रिसर्च इन्स्टिट्यूट). नोकऱ्या मात्र तुम्हाला आग्रा, कानपूर, अंबूर, राणीपेट इकडे नेतील, आणि फिटिंग बनवणारे अलीगढ-जामनगरकडे. घर सोडायची तयारी ठेवा, आणि कामापुरतं हिंदी-तमिळ.

मुलाखतीला येताना रेंडर केलेली चित्रं कमी आणा. कुठल्याही जुन्या बुटाचा हुक कातड्यासकट कापून घ्या, तो उभा चिरून नळी मागे कशी फुलली आहे ते दिसेल असा घासून आणा. सोबत त्याच हुकावर कुठलं कापड कुठल्या दिशेने अडकलं त्याचा एक कागद. मी तरी तो कागद आधी वाचतो.