उन्हाळ्यात नाशिकच्या वायनऱ्या एका दिवसात: किती ठिकाणं, कोणत्या क्रमाने, किती घोट

एप्रिल-मेमध्ये नाशिकला वायनऱ्या बघायला जायचं म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "बागेत द्राक्षं असतील ना?" नसतील. वाईनच्या द्राक्षांची काढणी साधारण जानेवारी ते मार्च या काळात उरकते आणि मग एप्रिलमध्ये खरड छाटणी होते, म्हणजे जुन्या काड्या जवळजवळ मुळापासून छाटतात. त्या वेळी वेलीवर उरतात ते उघडे ओलांडे (तारेवर पसरलेले जाड आडवे हात) आणि डोळ्यांतून नुकती डोकावणारी पोपटी फूट. पुढच्या हंगामाचे घड मात्र याच दिवसांत काडीत ठरतात. बागायतदार याला सूक्ष्म घडनिर्मिती म्हणतात. त्यामुळे घडांसोबतचे फोटो किंवा द्राक्षं पायाने तुडवण्याचा कार्यक्रम हवा असेल तर फेब्रुवारीत या. उन्हाळ्यात यायचं ते शांतपणे चव घ्यायला. गर्दी कमी असते, टेस्टिंग करवणाऱ्या माणसाला बोलायला वेळ असतो आणि त्याच वर्षीच्या काढणीच्या ताज्या पांढऱ्या वाईन हळूहळू बाहेर येऊ लागलेल्या असतात.

एक दिवस, एक दिशा

नाशिकच्या वायनऱ्या शहराभोवती विखुरलेल्या आहेत. बहुतेकांचा दिवस फसतो तो इथेच: सकाळी दिंडोरी, दुपारी गंगापूर, संध्याकाळी इगतपुरी असा बेत आखला की अर्धा दिवस गाडीत जातो आणि बाहेर पारा चाळिशीला टेकलेला असतो. तीनपैकी एकच दिशा निवडा.

गंगापूर-सावरगाव रस्ता ही सगळ्यात सोपी दिशा. गोवर्धनला सुला, तिथून थोडं पुढे गंगाव्हऱ्याला यॉर्क आणि सोमा. शहरापासून सुला दहा-बारा किलोमीटर आणि पुढची दोन्ही ठिकाणं तिथून काही मिनिटांवर. सुलाची पहिली वाईन २००० साली बाजारात आली आणि २००५ मध्ये त्यांनी टेस्टिंग रूम उघडली. आज नाशिकला 'वाईन प्यायला' येणाऱ्यांची जी वर्दळ दिसते तिची सुरुवात तिथली. एक गोष्ट लक्षात ठेवा. यॉर्क २०२१ पासून सुलाच्याच मालकीची आहे. वेगवेगळ्या हातांची वाईन तुलना करून बघायची असेल तर या दोघांना दोन वेगळी घरं धरू नका.

इगतपुरीची बाजू मुंबईकरांना सोयीची, कारण ती नाशिकच्या अलीकडेच लागते. सांजेगावला ग्रोव्हर झांपा, कावनईजवळ मुकणे धरणाच्या काठाला व्हॅलोने. घाटमाथ्याजवळ असल्याने दुपारीही नाशिकपेक्षा थोडं सुसह्य असतं. दोनच ठिकाणं करा, मध्ये निवांत जेवा. ज्यांना रेड वाईनची आवड आहे त्यांच्यासाठी हीच दिशा चांगली, असं आमचं मत.

दिंडोरीकडे शाँदोंची वायनरी आहे. तिथे बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवून केलेली फसफसती वाईन बनते आणि ती कशी बनते ते बघण्यासाठी जायचं. आधी ठरवल्याशिवाय जाऊ नका, फाटकावरून परत यावं लागेल.

किती ठिकाणं? जास्तीत जास्त तीन. चौथ्या ठिकाणी जीभ काही सांगत नाही, आपण फक्त पीत असतो.

आधी हिशेब, मग ग्लास

टेस्टिंगमध्ये एकेका वाईनचा साधारण ३० मिली ओततात आणि पाच-सहा वाईन देतात. पाच धरल्या तर एका ठिकाणी १५० मिली, तीन ठिकाणी ४५० मिली. म्हणजे ७५० मिलीच्या बाटलीतला निम्म्याहून जास्त ऐवज. १३ टक्के अल्कोहोल धरलं तर हे व्हिस्कीच्या साडेचार छोट्या पेगांएवढं होतं. "नुसतं चाखलं" म्हणणाऱ्यांना हा आकडा खरा वाटत नाही.

मोटार वाहन कायद्यातली मर्यादा आहे १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम. साठ किलोचा माणूस १५० मिली वाईन भरभर प्यायला तर एवढ्यावरच तो या रेषेच्या आसपास पोचतो. म्हणजे पहिल्याच टेस्टिंगनंतर. पहिल्या गुन्ह्याला १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणून 'मी थोडीच घेईन' म्हणणारा चालक नको. एक तर चालवणारा थेंबभरही घेत नाही, नाहीतर गाडी भाड्याने करायची.

भाड्याच्या गाडीचं पॅकेज बहुधा आठ तास-ऐंशी किलोमीटरचं असतं. गंगापूरच्या दिशेला ते आरामात पुरतं. इगतपुरीला नाशिकहून जाऊन यायचं तर ऐंशी ओलांडणारच, तेव्हा जादा किलोमीटरचा दर आधी बोलून घ्या. अ‍ॅपवरची टॅक्सी जाताना सहज मिळते. परतताना, विशेषतः शनिवारी अंधार पडल्यावर, गंगाव्हऱ्याच्या रस्त्यावर ती मिळेल या भरवशावर राहू नका. ड्रायव्हरच्या जेवणाचं आणि सावलीत गाडी उभी करण्याचंही आधी बघा. त्यालाही तेच ऊन आहे.

मुंबईहून गाडी नको असेल तर शिर्डीची वंदे भारत सकाळी सव्वासहाच्या सुमारास सीएसएमटीहून सुटते आणि नऊच्या आसपास नाशिकरोडला पोचवते. संध्याकाळी साडेसातच्या सुमारास परतीची मिळते. तिचा सुट्टीचा वार आणि वेळा तिकीट काढताना तपासा. परतीच्या गाडीसाठी गंगाव्हऱ्याहून पावणेसहाला निघावं लागतं, कारण नाशिकरोड स्टेशन शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे.

तारीख ठरवताना १ मे टाळा. महाराष्ट्र दिनाला ड्राय डे असतो. निवडणुका असतील तर मतदान संपण्याआधीचे ४८ तास आणि मतमोजणीचा दिवसही गेला. वारांमध्ये मंगळवार ते गुरुवार उत्तम. ओळखपत्र सगळ्यांनी जवळ ठेवा. वाईनसाठी किमान वय २१ आहे आणि तरुण दिसणाऱ्यांना विचारतात.

सकाळी काय खायचं

नाशिकला आलो म्हणजे मिसळ झालीच पाहिजे, हे मान्य. पण त्या सकाळी नको. तिखटाने जिभेची आग होत असताना वाईनमधलं अल्कोहोल आणखी जाळतं, रेडमधला तुरटपणा कडू लागतो आणि फळाची चव हरवते. हा परिणाम लगेच पुसला जात नाही. मिसळ दुसऱ्या दिवशी खा. या दिवशी लोण्याबरोबर थालीपीठ, इडली, उपमा असं पोटाला धरून राहणारं आणि सौम्य काहीतरी घ्या. रिकाम्या पोटी पहिली टेस्टिंग केली की दुपारी दोनलाच डोकं जड होतं.

अंगाला अत्तर, डिओ, वासाचं सनस्क्रीन लावू नका. केसात मोगऱ्याचा गजराही नको. मोसम त्याचाच असतो, पण ग्लासात नाक घातल्यावर मोगराच येतो, वाईन येत नाही, आणि शेजारच्याचीही टेस्टिंग बिघडते. बडीशेप, वेलची, पान, तंबाखू हे सगळं संध्याकाळनंतर.

दिवसाचा क्रम

गंगापूरची दिशा धरून सांगतो. पहिलं ठिकाण सुला, तेही सकाळी टेस्टिंग रूम उघडताच, म्हणजे अकराच्या सुमारास. दुपारनंतर तिथे आवाज इतका वाढतो की टेस्टिंग करवणारा काय सांगतो ते ऐकू येत नाही. आधी वायनरीचा फेरफटका घ्या, मग टेस्टिंग. पिंपांच्या खोलीत गारवा असतो, बाहेर ३८-३९. एक ओढणी किंवा पातळ सदरा पिशवीत असू द्या, नाहीतर बाहेर-आत करताना अंगावर काटा येतो आणि लक्ष सगळं थंडीकडे जातं.

साडेबारा-एकला जेवण. दुपारी एक ते चार या वेळात उघड्यावर बसायचं नाही. व्हरांड्यातली जागा फोटोत छान दिसते, पण टेबलावर ठेवलेली पांढरी वाईन दहा मिनिटांत कोमट होते. तीनच्या सुमारास दुसरं ठिकाण, आतल्या बाजूला बसून. साडेचार-पाचला तिसरं, तेव्हा बाहेर बसता येतं. मेमध्ये सूर्य सातच्या आसपास मावळतो. मुक्काम असेल तर यॉर्कच्या सज्जातून गंगापूर धरणाच्या बाजूला तो बुडताना बघता येतो. मेअखेरीस धरणाचं पाणी बरंच मागे सरकलेलं असतं आणि काठाला भेगाळलेला गाळ दिसतो. जाहिरातीतलं निळं पाणी पावसाळ्यानंतरचं असतं.

दोन टेस्टिंगमध्ये किमान दीड तास जाऊ द्या. प्रत्येक ठिकाणी अर्धा लिटर पाणी प्या, दिवसभरात तीन लिटर. वाईनने लघवीचं प्रमाण वाढतं, घामाने पाणी आधीच जात असतं. संध्याकाळी डोकं दुखलं तर लोक वाईनला नावं ठेवतात. पण पाणी कमी पडल्यानेही ते दुखतं. ओआरएसची दोन पाकिटं खिशात असू द्या.

ग्लास हातात आल्यावर

क्रम असा: फसफसती, मग कोरडी (म्हणजे गोडवा नसलेली) पांढरी, मग किंचित गोड पांढरी, रोझे (गुलाबी), रेड आणि शेवटी गोड डेझर्ट वाईन. यातला सावीन्यों ब्लां आणि शेनां ब्लां या दोन पांढऱ्या वाईनचा क्रम बऱ्याचदा चुकतो. नाशिकच्या काही शेनां ब्लांमध्ये थोडी साखर राखलेली असते. ती आधी घेतली की पाठोपाठची कोरडी सावीन्यों नुसती आंबट लागते आणि 'ही वाईट आहे' असा निकाल लागतो. ओतणाऱ्याने उलट क्रम लावला तर बदलून मागा.

ग्लास देठाला धरा. तळव्याने पेला धरला तर या हवेत वाईन लगेच तापते. उलटंही होतं: फ्रिजमधून काढलेली बाटली इतकी गार असते की पेल्याबाहेर दव साचतं आणि नाकाला काहीच लागत नाही. अशा वेळी मुद्दाम पेला दोन्ही तळव्यांत दोन मिनिटं धरा, मग हळूच फिरवा. त्याच सावीन्योंमधून चिरलेल्या हिरव्या ढोबळी मिरचीचा, तुडवलेल्या गवताचा वास वर येतो. शेनांमध्ये पिकला पेरू आणि अननस शोधा, शिराझ या रेडमध्ये काळी मिरी आणि जांभूळ. पुस्तकातल्या परदेशी बेऱ्यांची नावं आठवत बसण्यापेक्षा आपल्या मंडईतले वास उपयोगी पडतात.

रेड 'रूम टेंपरेचर'ला द्यायची म्हणतात, पण ती खोली नाशिकची मे महिन्यातली नव्हे. रेडला १६ ते १८ अंश हवेत. कोमट रेडमध्ये अल्कोहोलच नाकात चढतं. बर्फाची बादली मागून बाटली दहा-पंधरा मिनिटं त्यात ठेवायला सांगा. वाईनमध्ये बर्फाचा खडा मात्र टाकू नका.

घोट तोंडभर फिरवा, जिभेच्या कडांना लागू द्या आणि थुंका. आपल्याकडे हे सगळ्यांना अवघड जातं, घरात तसं वळणच नाही. पण थुंकण्यासाठीचं भांडं टेबलावर त्यासाठीच असतं. नसेल तर मागा, ते देतात. सगळ्या थुंकायच्या नसतील तर ठरवा: प्रत्येक ठिकाणी आवडलेल्या दोनच गिळायच्या. उरलेली वाईन भांड्यात ओतण्यात कुणाचाही अपमान नाही. पैसे दिलेत म्हणून पेला रिकामा करणं, हीच दुपार वाया जाण्याची सगळ्यात मोठी वाट आहे.

फोनवर प्रत्येक वाईनच्या लेबलचा फोटो आणि खाली चार शब्द लिहून ठेवा. तिसऱ्या ठिकाणानंतर पहिल्या ठिकाणची दुसरी वाईन कुठली होती ते कुणालाच सांगता येत नाही.

बाटल्या घरी नेताना

खरेदी शेवटी करा. पहिल्याच ठिकाणी घेतलेली बाटली दिवसभर डिकीत राहिली तर वाया गेली समजा. उन्हातल्या बंद गाडीत तापमान साठच्या घरात जातं. वाईन फुगते, बूच वर सरकतं आणि आत चव उकडलेल्या फळासारखी होते. वायनरीतच बिल करून बाटल्या ठेवून घेता येतात का, विचारा. नाहीतर थर्माकोलचा डबा आणि त्यात गोठवलेल्या पाण्याच्या दोन लिटरच्या बाटल्या न्या. डबा डिकीत नको, मागच्या सीटखाली, एसी लागेल असा ठेवा. संध्याकाळपर्यंत तेच पाणी प्यायला मिळतं.

बिल जपून ठेवा. सुरत, वापीकडून आलेले असाल, पेठ किंवा सापुताऱ्याच्या रस्त्याने परत जाणार असाल, तर एकही बाटली घेऊ नका. गुजरातेत दारूबंदी आहे, नाक्यावर गाडी तपासतात आणि नाशिकचं बिल तिथे चालत नाही.

घरी पोचल्यावर बाटल्या लगेच उघडू नका. घाटात हिसके खाल्लेल्या असतात, आठवडाभर अंधाऱ्या आणि त्यातल्या त्यात गार कोपऱ्यात पडू द्या. स्वयंपाकघरात, फ्रिजच्या डोक्यावर ठेवायची सवय असते, ती जागा घरात सगळ्यात गरम. बूच असेल तर बाटली आडवी, फिरकीचं झाकण असेल तर उभी चालते. फसफसती वाईन उघडण्याआधी तीन-चार तास फ्रिजमध्ये उभी ठेवा आणि उघडताना बूच घट्ट धरून बाटली फिरवा.